शामराव, उठिए

२८ ऑगस्ट २०१९, बुधवार

आज शामरावचं वर्षश्राद्ध झालं. मी काही भावनाप्रधान माणूस नाही, त्यामुळे कढी तीनदा घेतली.

शामराव आणि मी. एक सेक्शन, एक बस, बसमधली एकच सीट. रायपूरची राजधानी झाली, मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि तेलीबांध्यापासून पुढचा सगळा रस्ता आम्ही बोलण्यात काढू लागलो. विषय ठरलेला : वजन. तेलीबांधा तळ्याभोवती फिरायचा रस्ता झाला तेव्हाच आम्ही ठरवलं होतं की सोमवारपासून फेऱ्या मारायच्या. बस तळ्यावरूनच जायची, त्यामुळे रोज आठवण राहायची. तो सोमवार यायच्या आधीच शाम्या ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट.

गेल्या वर्षी महादेव घाटावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. त्याचा मुलगा स्वानंद म्हणाला, पापा, मैं पीएससी दूँगा. कावळा ढिम्म. साहेब म्हणाले, पेन्शनची फाइल आठवड्यात काढतो. कावळ्याने तोंड फिरवलं, त्याला सरकारी कामाचा अनुभव असावा. ऊन मरणाचं, पोटात कोकलून राहिलं होतं. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, शाम्या, सोमवारपासून तळ्याला फेऱ्या मारतो, तुझ्याही वाटच्या. कावळा तडक आला. एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. लोक म्हणाले, सुटला बिचारा. मग सगळे जेवले.

आज जेवणं झाल्यावर लतावहिनींनी एक डबी हातात ठेवली. शामरावचा बँड. मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा. जाण्याआधी पंधरा-वीस दिवसच घातला होता त्याने. त्यात एक छोटा माणूस आहे. दिवसाचा आकडा पुरा झाला की तो हात वर करून नाचतो, असं पुस्तिकेत लिहिलंय. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तो मानूस एकदाही नाचला नाही. हे रोज झोपताना पाहायचे आन उद्या नाचते म्हनायचे. पितृपक्षात त्यायची तिथी येते, तेरस. तोवर एक दिवस त्याले नाचवा. माह्या जिवाले लागून राहिलं हो.

मग म्हणाल्या, तुमी तर रोज चालूनच राहिले ना?

मी हो म्हटलं. विचार तर रोज करतोच.

एक दिवस नाचवायचंय फक्त. त्यात काय आहे!

२९ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर शर्मिष्ठांकडे गेलो. वय आपल्या मुलीएवढं, बोलणं आपल्या सासूसारखं. शुगरचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, दशहरे तक चार किलो कम, नहीं तो इंसुलिन. मी सुईला भीत नाही. मला फक्त ती नको आहे.

म्हणजे बघा, एका दगडात दोन पक्षी. वहिनींचा माणूस नाचेल, माझे चार किलो जातील. सोमवारपासून.

संध्याकाळी स्वानंद बँड चालू करून द्यायला आला. पोट्टा मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देतो. म्हणाला, काका, इसमें पापा का नाम है, बदल दूँ? मी नको म्हटलं. उगाच सेटिंग बिघडायचं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना फार हात लावू नये.

सहा वाजता मनगटाला थरथर झाली. पडद्यावर अक्षरं आली : शामराव, उठिए. थोड़ा चलिए.

मी ताडकन उठलो. सौ. मीरा म्हणाली, काहून दचकले? म्हटलं, पाणी प्यायचंय. पाणी घेतलं आणि बसलो. शाम्याला जन्मात कुणी ‘उठिए’ म्हटलेलं नव्हतं. साहेबसुद्धा अरे-तुरे करायचे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. शेजारच्या साहू दीदींकडून ताटभर तळलेली ठेठरी-खुरमी आली. नाही म्हणणं शेजारधर्मात बसत नाही.

परतीच्या बसमध्ये सहाला पुन्हा तेच. उठिए. चालत्या बसमध्ये उठून कुठे जाणार? शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे मी डबा ठेवतो. नाही तर कुणीही येऊन बसतं.

२ सप्टेंबर, सोमवार

आज सुरुवात होती. पण आज गणेश चतुर्थी. देव घरात येणार आणि यजमान तळ्यावर, हे दिसायला बरं नाही. मोदक सात. नैवेद्याचे धरलेले नाहीत.

एक शोध लागला. आरतीला घंटा वाजवली तर बँडवरचा आकडा सरसर वाढला. बँड डाव्या हातात होता आणि उजव्यात आरतीचं तबक, म्हणून घंटा डाव्या हाती आली होती. म्हणजे देवाचं करताना आपोआप चालणं घडतं. पूर्वीचे लोक सडपातळ का असत, ते आज कळलं. बँड उजव्या हाताला घेतला. कामं सगळी उजव्याच हाताने होतात.

मीरा म्हणाली, येवढी घंटा काहून वाजवून राहिले, देव आला हाय, पळून नाही चालला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

खिडकीच्या जाळीवर कावळा येऊन बसतो. सगळे कावळे सारखेच दिसतात. हा गेल्या वर्षीचाच आहे.

त्याला मोदकाचा तुकडा टाकला. खाल्ला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मीराला सांगितलं तर म्हणाली, त्याले तुमच्याजोळ खायचं नसन, तुमाले पाहाचं असन. ही बाई काहीतरी बोलून जाते आणि पोळ्या लाटायला लागते. मी नंतर बराच वेळ खिडकीकडे पाठ करून बसलो.

९ सप्टेंबर, सोमवार

एकादशी. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. उपासाने अंगात त्राण राहत नाही. अशा अवस्थेत चाललो आणि भोवळ आली तर वहिनींना काय वाटेल?

त्यांचा फोन आलाच. नाचला का? मी म्हटलं, तयारीत आहे. मी स्वतःबद्दल बोलत होतो, खोटं नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गणपती गेले. घंटा बंद. आकडा जमिनीवर आला.

वजन दीड किलो वाढलं. काटा स्वयंपाकघरात आहे, तिथली फरशी उंचसखल आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष लागला. क्षण यायला सुरुवात झाली.

हे नीट लिहून ठेवतो, कारण हा माझ्या आयुष्यातला अभिमानाचा भाग आहे. श्राद्धाला देवांच्या जागी एका आणि पितरांच्या जागी एका ब्राह्मणाला बसवून जेवू घालतात. त्याने खाल्लं की ते पितरांना पोचतं. तसं बसायचं आमंत्रण म्हणजे क्षण. रायपुरात आपले लोक भोसल्यांच्या काळापासून आहेत, पण पोरं पुण्या-बंगलोरला गेली आणि जेवणारा माणूस दुर्मीळ झाला. त्यामुळे पंधरवडाभर आम्हा दोघांना मागणी. मी देवांच्या पाटावर, शामराव पितरांच्या. त्याचा चेहराच तसा होता. खीर खाताना असा गंभीर व्हायचा की घरच्या बायका पदराला डोळे पुसायच्या, आमचे मामंजीच आले म्हणायच्या.

आता पितरांच्या पाटावर मी. प्रमोशनच म्हणायचं.

डाएटचं काय, असं मीराने विचारलं. मी तिला शांतपणे समजावलं की जेवतो मी, पण पोचतं त्यांना. जे माझ्यापर्यंत येतच नाही ते माझ्या वजनात कसं धरायचं? ती भाजी निवडायला लागली. पटलं असावं.

१५ सप्टेंबर, रविवार

पहिलं पान. तात्यापाऱ्यात देवीदासपंतांकडे, त्यांच्या वडिलांचं. वडे, कढी, खीर, गवार-भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी. श्राद्धाला जेवणाऱ्याने बोलायचं नाही, पदार्थाला नावं ठेवायची नाहीत आणि स्तुतीही करायची नाही. वाढतील ते घ्यायचं. शेवटी गुरुजी विचारतात, तृप्त झालात? आपण म्हणायचं, झालो. असं जेवण एरवी कोणत्या घरात मिळतं?

समोर देवांच्या पाटावर माणूस मिळाला नाही म्हणून दर्भाची जुडी ठेवली होती. म्हणजे माझ्या जुन्या जागेवर. मी शामरावच्या पाटावरून माझ्याकडे बघत होतो. तब्येतीने दर्भ माझ्यापेक्षा बरा वाटला.

पण गंमत म्हणजे जेवून उठलो तर बँडवर आकडा वाढलेला! बसल्या जागेवरून हललो नव्हतो. विचार केला. उत्तर एकच : पितर चालत येतात. शास्त्रात उगाच नाही सांगितलं.

संध्याकाळी : शामराव, उठिए. पण श्राद्धाचं जेवलेल्याने त्या दिवशी वाट चालायची नाही, श्रम करायचे नाहीत, पुन्हा जेवायचंही नाही, असा स्पष्ट निषेध आहे. मी पाळतो. रात्री फक्त दूध घेतलं. त्यात पोळ्या कुस्करल्या होत्या, पण दूधच.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज कुठेच श्राद्ध नाही. आज नक्की होतं. पंडरीच्या बाजारातून ट्रॅकसूट आणला होता, निळा. पण पॅन्ट कमरेत घट्ट निघाली. शिंप्याकडे दिली आहे सैल करायला. धोतरावर तळ्याला फेऱ्या मारू का?

सहाला बँड थरथरला तेव्हा त्याला हेच सांगितलं. मोठ्याने. मीराने स्वयंपाकघरातून वाकून बघितलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पंचमी. शंकर नगरातच, दोन गल्ल्या सोडून, म्हणून चालत जाणार होतो. यजमानांनी कार पाठवली. पितरांना कारने आणायची पद्धत नवीन आहे.

वडे नऊ. आकडा चांगला वाढला. हात तोंडाकडे गेला की त्याला पाऊल वाटतं की काय, अशी शंका मनात आली होती. काढून टाकली. एवढं मशीन बनवणारे लोक मूर्ख नसतात.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बसमध्ये आज विचित्र झालं. नवीन लागलेली पिंकी नावाची पोट्टी आहे अकाउंट्सला. बस भरलेली. ती म्हणाली, अंकल, डब्बा हटाइए ना, बैठ जाऊँ. मी म्हटलं, इथे बसतात. ती म्हणाली, कौन? त्याच वेळी बँड थरथरला. तिने वाकून वाचलं, शामराव. विचारलं, आपका नाम शामराव है?

मी म्हटलं, नीलकंठ. मग शामराव कोण, ते सांगायला तोंड उघडलं. घशात काहीतरी अडकलं. दुपारचा चिवडा असणार, शिळा होता. पोरगी उभ्याने तेलीबांध्यापर्यंत आली. डबा काही मी उचलला नाही.

आज वहीत जास्त लिहवत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. आमच्याच घरी आईचं श्राद्ध होतं. आज यजमान मीच आणि शास्त्राने जेवणाऱ्याला जे वर्ज्य, ते करणाऱ्यालाही वर्ज्य. चालणं आलंच त्यात. सोमवारच असे येतात, त्याला मी काय करू? ट्रॅकसूट आला आहे. छान बसतो. घालून थोडा वेळ आरामखुर्चीत बसलो.

गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. लगेच आला. आईचं पान होतं ते, तरी त्याने आधी माझ्याकडे बघितलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वजन आणखी दोन किलो वाढलं. म्हणजे पितरांपर्यंत सगळं पोचत नाहीये. मधे कुठेतरी अडतंय.

वहिनींचा फोन. परवा तेरस. मी शामरावच्या पाटावर बसायचं आहे. दुसऱ्या कुणाला त्या सांगणार नाहीत. म्हणाल्या, भाऊजी, नाचला का तो मानूस? मी म्हटलं, आता अगदी जवळ आलाय. मग म्हणाल्या, त्या शेवटच्या रविवारी मी वडे केले होते. यायनं दुसरा मांगला. मी नाही देला. म्हटलं, आधी तुमचा तो मानूस नाचवा, मंग देतो. सोमवारी हे गेले.

 मग त्यांनी विचारलं, कारलं चालते ना तुमाले?

२५ सप्टेंबर, बुधवार

प्लॅन पक्का.

उद्या पहाटे उठायचं. तळ्यावर जायचं. जेवणाच्या आधी कितीही चाललं तरी शास्त्राची हरकत नाही. आकडा पुरा करायचा, माणूस नाचवायचा, आणि तसाच नाचता नाचता वहिनींसमोर न्यायचा. शामरावने टार्गेटही काही फार ठेवलेलं नाही, सहा हजार. दहा ठेवणार होता, मीच म्हटलं होतं, आपल्याला कुठे ऑलिम्पिकला जायचंय.

सुट्टी टाकली आहे. ट्रॅकसूट खुंटीला. मीराने विचारलं, सोमवार नाही ना उद्या? मी गजर लावला.

२६ सप्टेंबर, गुरुवार. त्रयोदशी

सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे खरंच उठलो. खरंच गेलो. तळ्यावर हवा छान होती. लोक सटासट पुढे जात होते, माझ्यापेक्षा म्हातारे. मी निघालो. बरं वाटलं. पहिलं वळण आलं आणि छातीत धडधड सुरू झाली. पुढच्या बाकापर्यंत गेलो. तिथून पुढच्या बाकापर्यंत. मग छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं आणि मी घाबरलो. हे इथे मान्य करायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. शाम्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला तेव्हा त्याला असंच वाटलं असेल का, हे डोक्यातून जाईना. फेरी अर्धीही झाली नव्हती. ई-रिक्षा करून घरी आलो. मीराने ट्रॅकसूटकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि पंखा मोठा केला.

बँडवर सहा हजारांतले जेमतेम दीड हजार.

अंघोळ केली, घंटा घेऊन पूजेला बसलो. आज घंटा वाजवताना लाज वाटली, पण वाजवली. अर्ध्यावर आणला.

वहिनींकडे गेलो. गुरुजी आले होते, स्वानंद सोवळं नेसून बसला होता, दर दोन मिनिटांनी कद सावरत. पाट मांडलेले. समोर दर्भ. भिंतीवर शाम्याचा फोटो, बसच्या पासवरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा ‘माझा स्टॉप आला का’ असा. वहिनी वाढायला आल्या. वाकताना आधी माझ्या मनगटाकडे बघितलं. माणूस नुसता उभा होता. त्यांनी भात वाढला. पण त्यांनी मान खाली घातली ती मला दिसली. महिनाभर मी ‘तयारीत आहे’, ‘जवळ आलाय’ म्हणत होतो.

पानात पहिला वडा पडला. खाल्ला. दुसरा वाढला. हा तो दुसरा वडा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वहिनी वाढून तिथेच उभ्या राहिल्या. मी तोही खाल्ला. सहज मनगटाकडे नजर गेली. आकडा पुढे सरकला होता.

तेव्हा मला कळलं. खरं म्हणजे पंचमीलाच कळलं होतं. पितर वगैरे कुणी चालत नाही. हाताचं तोंडाशी जाणं हे त्या यंत्राला पाऊल वाटतं.

मी तिसऱ्या वड्याची खूण केली.

मग मी असा जेवलो की आयुष्यात तसा कधी जेवलो नसेन. मोठे घास घेतले तर पावलं कमी भरतात, म्हणून छोटे छोटे घेतले. कढी भुरकायची नाही, बोटांनी. भात एकेक शीत करून. खीर चाटून. वडे आले, संपले, आले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. स्वानंद आईच्या कानात म्हणाला, मम्मी, काका ठीक हैं ना? वहिनी म्हणाल्या, खाऊ दे. आणखी घेऊन आल्या. पोट तंबोऱ्यासारखं झालं, घाम कपाळावरून पानात पडायला लागला, पण मी थांबलो नाही. चल शाम्या, मी मनात म्हणत होतो, अजून थोडं. त्या वळणापर्यंत. त्या बाकापर्यंत. आपण दोघे चालतोय तळ्यावर. बस झालं म्हणू नको, मी पण म्हणत नाही.

गुरुजींनी शेवटी विचारलं, तृप्त झालात?

मी हात वर करून थांबा अशी खूण केली आणि अर्धा वडा होता तो चार घासांत खाल्ला.

आणि मनगट थरथरलं. नेहमीसारखं नाही, लांब, गुदगुल्या केल्यासारखं. छोट्या माणसाने हात वर केले आणि तो नाचायला लागला. खाली अक्षरं आली : शाबाश शामराव!

वहिनींनी वाडगं खाली ठेवलं. माझा हात, खरकटा, दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिल्या. नाचला वो, म्हणाल्या. पोरा, पाह्य, तुया बाप नाचून राहिला. आणि त्या जमिनीवर बसून अशा रडल्या की वर्षाचं सगळं बाहेर आलं. स्वानंदही रडला, आणि पहिल्यांदा मराठीत बोलला. बाबा पोचले, म्हणाला.

खरं काय ते सांगायला हवं होतं. पण तोंडात वडा होता आणि श्राद्धाला बोलायचं नसतं.

गुरुजींनी पुन्हा विचारलं. घास गिळून मी म्हटलं, तृप्त झालो. आवाज माझाच होता की काय, कुणास ठाऊक.

निघताना वहिनी म्हणाल्या, भाऊजी, द्या तो आता इकडे. त्यायचं झालं. तुमी दिलेल्या शब्दातून मोकळे झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने बँड सोडला, पुसला आणि फोटोसमोर ठेवला. मीही नमस्कार केला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पडून. डॉक्टर शर्मिष्ठा घरी येऊन गेल्या. शुगरचा आकडा बघून त्यांनी मीराला विचारलं, कल इन्होंने क्या खाया? मीरा म्हणाली, इन्होंने नहीं खाया, इनके दोस्त ने खाया. डॉक्टरांनी दोघांकडेही बघितलं. सुई सुरू. दुखत नाही फारशी. वजनाचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

खिडकीवर कावळा नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

घट बसले. मोकळं वाटतंय. शब्द पाळला गेला, तोही जेवून. असं किती जणांना जमतं? आता कुणी उठवणार नाही. मनगटावर पांढरा पट्टा राहिला आहे.

कावळा आज तिसऱ्या दिवशीही आला नाही. गच्चीवर पोळीचा तुकडा ठेवला होता, मुंग्यांनी नेला.

३० सप्टेंबर, सोमवार

श्राद्ध नाही, एकादशी नाही, ट्रॅकसूट धुतलेला. ऑफिसला सुट्टीच आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

सहा वाजता मनगट थरथरलं. मी ताडकन उठलो. बघितलं तर हात रिकामा. पुन्हा बसलो, पुन्हा तेच. वाचायला तिथे काहीच नव्हतं. मीराला म्हटलं, जाऊन येतो. तिने कुठे ते विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली दिली.

तळ्यावर गेलो. पहिल्या बाकापर्यंत चाललो. किती पावलं झाली माहीत नाही, मोजायला कुणी नव्हतं. बाकाच्या एका टोकाला बसलो. मंत्रालयाची बस समोरच्या रस्त्याने गेली, आमची, दिवे लागलेले. आमच्या सीटच्या खिडकीत कुणाचं तरी डोकं दिसलं. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं की शाम्या गेला. घाटावर कळलं नव्हतं, वर्षश्राद्धाला नाही, त्याच्या पाटावर बसून त्याचे वडे खाल्ले तेव्हाही नाही. रोज सहाला कुणीतरी त्याला नावाने हाक मारत होतं, तोवर तो होता. ती हाक मी तेरसला खाऊन संपवली. मला त्याची फार आठवण आली. रडलो बहुतेक. ट्रॅकसूटची बाही ओली झाली होती.

एक जोडपं आलं. त्यातला माणूस बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, भैया, यहाँ कोई बैठा है क्या?

तिथे माझी पाण्याची बाटली होती. कधी ठेवली, आठवत नाही.

मी मान डोलावून म्हटलं, हव.

ते पुढे गेले. तळ्यावरचे दिवे लागेपर्यंत बसलो. चालायचं राहूनच गेलं.